गाळलेलं वाक्य

"पायाखाली वायर आहे," मी म्हणाले, पण तोवर उशीर झाला होता.

गच्चीच्या दारातून धावत आलेला तो माणूस अडखळला, भेलकांडत पुढे आला आणि दुर्बिणीच्या तिवईला धरून कसाबसा उभा राहिला. दुर्बीण हलली. माझा जीवही हलला. एमएस्सीच्या मुलांसाठी मी ती केव्हापासून खपून नीट लावली होती.

"माफ करा मॅडम," तो धापा टाकत म्हणाला. "तीन तारे पाहिजेत. लगेच."

गुलबर्ग्याच्या विद्यापीठात मी भौतिकशास्त्र शिकवते. कायम नाही, अतिथी अध्यापक म्हणून. गच्चीवरची दुर्बीण माझ्या ताब्यात असते, त्यामुळे लोक माझ्याकडे येऊन चंद्र मागतात, शनीची कडी मागतात. एक गृहस्थ तर आपली रास कुठे आहे ते दाखवा म्हणून आले होते. पण तारे असे मोजून कुणी मागितले नव्हते.

"कशासाठी?" मी विचारलं.

मग त्याने एका दमात सगळं सांगितलं. खालच्या सभागृहात ज्यू लोकांचा इतिहास, भाषा आणि संस्कृती यांवरची व्याख्यानमाला आजपासून सुरू होत होती, दर शनिवारी संध्याकाळी, सगळ्यांना खुली. बोलणार होत्या डॉ. सिम्हा पोयनाडकर. अलिबागकडच्या, बेने इस्राएल — म्हणजे कित्येक शतकांपूर्वी कोकणात उतरून मराठी झालेल्या ज्यूंपैकी. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस. तो संपतो आकाशात तीन तारे दिसले की. तोवर त्या माईकला हात लावणार नव्हत्या, खडू उचलणार नव्हत्या. ज्यांनी वेळ ठरवली त्यांना हे ठाऊक नव्हतं आणि पत्रकं तर वाटून झाली होती. आता सभागृह भरलं होतं आणि बाई पहिल्या रांगेत हात जुळवून शांत बसून होत्या.

"एक तर हे दिसायलंयच," त्याने पश्चिमेला बोट केलं.

"शुक्र आहे तो. ग्रह."

"मग ते?"

"शनी."

"आज शनिवारी शनी पण चालत न्हाई व्हय?" तो हिरमुसला. "अन् ते लाल?"

"मोबाईलचा टॉवर."

तो हसला. मलाही हसू आलं, पण मी ते दुर्बिणीच्या झाकणाकडे बघत आवरलं. मला अनोळखी माणसासमोर हसायला वेळ लागतो. मी त्याला अभिजित दाखवला, त्याच्या डावीकडे वर श्रवण. तिसऱ्यासाठी मात्र थांबावं लागलं. आम्ही दोघं मान वर करून उभे राहिलो. थंड वारा होता आणि त्याच्या शर्टाला बसच्या प्रवासाचा, डिझेलचा वास येत होता. मग हंसाच्या शेपटीचा तारा हळूच उमटला… आधी आहे की नाही असा, नंतर स्पष्ट.

"आता आहेत," मी म्हणाले.

"नक्की?"

"मी नक्की असल्याशिवाय बोलत नाही."

त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, मान डोलावली आणि जाताना पुन्हा त्याच वायरमध्ये अडखळला.

माझी मुलं त्या दिवशी गच्चीवर आलीच नाहीत. सगळी खाली व्याख्यानाला जाऊन बसली होती. म्हणून मीही गेले. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

तो मंचावर होता. धनराज बिरादार, हुमनाबादच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवायचा. सिम्हाताई मराठीत बोलत आणि तो मागोमाग कन्नडमध्ये सांगे. खरं तर त्याची गरज थोड्यांनाच होती. आमच्याकडे सगळ्यांनाच दोन्ही भाषा येतात, बऱ्याच जणांना तिसरीही. त्यामुळे लोक आधी मराठी ऐकत आणि मग धनराजची परीक्षा घेत. भागम्मा नावाच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, मोठं कुंकू, हातात विणकाम. धनराजने एखादा शब्द सोडला की त्या सुई न थांबवता म्हणत, "सर, अदु बिट्री." म्हणजे, ते राहिलं. सगळं सभागृह हसे, धनराज कान पकडे आणि राहिलेलं सांगे. दोन शनिवारांत हा खेळच होऊन गेला. लोक व्याख्यानाइतकेच त्यासाठीही येऊ लागले.

सिम्हाताई लहानखुऱ्या, सुती साडीतल्या, बोलायला थेट अलिबागच्या बाजारातल्या. वाचलेल्या सात जोडप्यांची, फुटलेल्या गलबताची गोष्ट त्यांनी सांगितली. त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाण्याला बैल जुंपत नसत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. हिब्रू अक्षरं त्यांनी फळ्यावर उजवीकडून डावीकडे काढली तेव्हा मागच्या रांगेतला एक म्हातारा शेजाऱ्याला मोठ्याने म्हणाला, "ये तो अपनी उर्दू के जैसाच है." सिम्हाताईंनी त्यालाच पुढे बोलावून खडू दिला.

मला ते सगळं आवडत होतं. पण मी मुख्यतः कन्नड ऐकत होते.

तिसऱ्या शनिवारी धनराज ऊन असतानाच गच्चीवर आला.

"तारे इतक्या लवकर येत नाहीत," मी म्हणाले.

"माहितंय. मी तुम्हाला बघायला आलो."

मी भिंगावरची धूळ पुसत राहिले. धूळ नव्हती.

"म्हणजे तुम्ही दुर्बीण कशी लावता, ते बघायला," तो घाईने म्हणाला.

"मग असं म्हणा ना."

"भाषांतरात थोडं राहतं की हो, मॅडम."

त्याने डबा आणला होता. मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या ओल्या शेंगा, अजून कोमट. आम्ही कठड्याशी उभे राहून खाल्ल्या. साली एका कागदात जमवल्या. शेंग सोलताना तो दाणे माझ्या बाजूला सरकवत होता आणि ते लक्षात आलं नाही असं मी दाखवत होते. आईने दिल्यात, म्हणाला. मी सहज विचारलं, कुणासाठी म्हणून सांगितलंत? तो डब्याचं झाकण लावू लागला.

"स्टाफरूमसाठी," तो म्हणाला.

एवढंच. पण तिथून माझी काळजी सुरू झाली.

माझं नाव स्नेहल गायकवाड. गायकवाड मराठ्यांतही असतात आणि आमच्यातही. नाव सांगितलं की लोक पुढचा प्रश्न विचारतात, कोणते गायकवाड? आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी लहानपणापासून बघत आलेय. कुणाचा चेहरा मोकळा राहतो, कुणाचा हळूच बंद होतो. धनराज मराठा होता, आणि त्याने तो प्रश्न विचारलाच नव्हता. त्याला गरज वाटली नाही, की त्याने मनाने उत्तर धरून ठेवलं होतं? आठवडाभर मला झोप लागली नाही. चौथ्या शनिवारी तो वर येताच मी सांगून टाकलं.

"आम्ही जयभीमवाले."

"माहितंय," तो म्हणाला. "तुमच्या विभागातल्या नागसेनला मी विचारलं होतं."

माझे कान तापले. "म्हणजे चौकशी केलीत."

"न्हाई ओ. तुमचं लग्न ठरलंय का, एवढंच विचारलं. बाकीचं त्यानं न विचारता सांगितलं."

खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं आणि ती काही केल्या चालू होत नव्हती.

"कामून विचारलं, ते न्हाई विचारणार?" तो हळू आवाजात म्हणाला.

"नाही."

"बरं. मग मीच सांगतो—"

"नको," मी म्हणाले. "आधी घरी सांगा. मग मला."

तो म्हणाला, सांगतो. त्या दिवशी तिन्ही तारे उमटून गेले तरी आमचं लक्ष नव्हतं. खालून विद्यार्थी बोलवायला आला.

पुढच्या शनिवारी मी विचारलं, सांगितलंत? तुरीला शेवटची फवारणी चालू होती, त्याचे वडील, अप्पा, शेतातच होते. त्याच्या पुढच्या शनिवारी चुलत्याच्या घरी बारसं होतं. तोवर आमचं तुम्हीचं तू झालं होतं. कधी, ते मला सांगता येणार नाही. सिम्हाताई अतिथीगृहाच्या व्हरांड्यात आम्हाला चहाला बोलवू लागल्या होत्या आणि चहा ओतताना दोघांकडे बघून काहीतरी गुणगुणत. रस्त्याने चालताना तो बाहेरच्या बाजूला राहायचा. ट्रक गेला की त्याचा हात माझ्या कोपराजवळ यायचा, लागायचा नाही, तिथेच थांबायचा. मला ते दिवस आनंदाचे आठवायला हवेत. पण खरं सांगायचं तर मला सतत धास्ती असे. प्रयोग चालू आहे आणि एक जोडणी ढिली आहे हे माहीत आहे… पण कुठली, ते सापडत नाही, तसं.

मग बिदरहून पप्पांचा फोन आला. पुण्याला नोकरी करणारा एक मुलगा, प्रेमानंद, चांगल्या घरचा, आपल्यातलाच. रविवारी बघायला येणार. तो रविवार शेवटच्या व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी होता.

मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

धनराजला सांगितलं तेव्हा तो कठड्याला टेकला. "शनिवारी अप्पांना घेऊन येतो," तो म्हणाला. "व्याख्यान ऐकतील. तुला बघतील. मग परत जाताना बसमध्ये सांगतो."

"आधी सांग, मग आण."

"स्नेहल, अप्पांच्या तोंडासमोर उभं राहिलं की माझं…" त्याने गळ्याशी हात नेला. "कॉलेजात शंभर पोरांपुढं बोलतो मी. तुला न्हाई कळायचं."

"मला काय कळायचं नाही?" मी म्हणाले. "रविवारी मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर येणार. त्याच्या आत मला कळलं पाहिजे. एवढं मला कळतं."

त्याने मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, कोण जाणे.

त्या शनिवारी ढग आले. हिवाळ्यात अवेळी येतात तसे, सपाट, राखाडी, आकाशाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. तूर काढणीला आली होती आणि सगळ्यांच्या तोंडी पावसाचीच भीती होती. सिम्हाताईंनी निरोप पाठवला की तारे दिसत नसतील तर स्नेहल म्हणेल तेव्हा सुरू करू. मी वर उभी होते. सूर्य कुठल्या कोनात खाली गेला की ते तीन तारे दिसू लागतात हे मी इतक्या आठवड्यांत पडताळून ठेवलं होतं. पण न बघता "झालं" म्हणायला जीभ उचलत नव्हती.

धनराज वर आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. चेहरा मात्र उतरलेला.

"अप्पा आलेत. पहिल्या रांगेत बसवलंय."

"सांगितलंस?"

"बसमध्ये गर्दी होती… शेजारी आमच्याच गावचा माणूस बसला होता." तो माझ्याकडे बघत नव्हता. "जाताना सांगतो. शपथ."

मी घड्याळ पाहिलं, ढग पाहिले. "झालं," मी म्हणाले. "सुरू करा."

खाली आले तेव्हा धनराजचे अप्पा, राघोबा बिरादार, मला पाठमोरेच दिसले. पांढरा पटका, रुंद खांदे, काठी दोन गुडघ्यांमध्ये. मी मागून तिसऱ्या रांगेत बसले. हात थंड पडले होते. ते मी मांडीखाली घेतले.

शेवटचं व्याख्यान सिम्हाताईंनी स्वतःच्या माणसांवर ठेवलं होतं. आजवर आमच्या जगण्याचं कौतुक सांगितलं, त्या म्हणाल्या, आज जे सांगायला लाज वाटते तेही सांगते. आमच्यात गोरे आणि काळे असे दोन भाग होते. कातडीच्या रंगाचा संबंध कमी, कुळाचा जास्त. ज्याची आई बाहेरची, तो काळा. प्रार्थनेला एकाच ठिकाणी जायचो, पण गोरे काळ्यांच्या पंगतीला बसत नसत. आपल्या भांड्याला त्यांना हात लावू देत नसत. मुलगी देणं-घेणं तर दूरच.

धनराज हे सगळं कन्नडमध्ये सांगत होता, सावकाश, स्वच्छ.

मग सिम्हाताई थोडं थांबून म्हणाल्या, "हे आमच्या धर्मग्रंथात कुठेही नाही. हे आम्ही इथे आल्यावर शेजाऱ्यांकडून शिकलो."

धनराजने तोंड उघडलं. मग त्याची नजर खाली गेली, पहिल्या रांगेकडे.

"पुढे काळ बदलला," तो कन्नडमध्ये म्हणाला, "आणि हे हळूहळू कमी झालं."

सिम्हाताई तसं म्हणाल्याच नव्हत्या.

मी भागम्मांकडे पाहिलं. सगळेच बघत होते, किंवा मला तसं वाटलं. आता त्या म्हणतील, सर, अदु बिट्री… आणि सगळे हसतील… आणि तो कान पकडून सांगेल. भागम्मांनी विणकामाचा धागा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. कुणीतरी खोकलं. सभागृहातल्या प्रत्येकाला मूळ वाक्य कळलं होतं आणि ते गाळलेलंही कळलं होतं. इतके आठवडे लोकांनी त्याचा एक शब्द सोडला नव्हता. आज एक अख्खं वाक्य गेलं आणि कुणी काही बोललं नाही.

मला माझं उत्तर मिळालं होतं. जो माणूस दुसऱ्याचं वाक्य कन्नडमध्ये सांगू शकत नाही, तो स्वतःचं मराठीत काय सांगणार? उठून जावं, रात्रीची बस धरून बिदर गाठावं, उद्या चहाचा ट्रे उचलावा. मी खरंच उठले.

पण दाराकडे वळता येईना.

"सर," मी म्हणाले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "एक वाक्य राहिलं."

माना वळल्या. पांढरा पटकाही वळला आणि मला राघोबांचा चेहरा प्रथमच दिसला. धनराजसारखंच नाक, डोळे मात्र कुठेतरी जास्त थकलेले. धनराज माझ्याकडे बघत होता. मी बसले नाही. पुढच्या खुर्चीची पाठ मी घट्ट धरून ठेवली होती. सिम्हाताईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि पदराने चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसत राहिल्या.

धनराजने माईक जवळ घेतला आणि ते वाक्य कन्नडमध्ये सांगितलं. सगळं. शेजाऱ्यांकडून, हा शब्द त्याने दोनदा उच्चारला, कारण पहिल्यांदा आवाज फाटला.

मग त्याने मराठीत म्हटलं, "हे मी विसरलो नव्हतो. मुद्दाम गाळलं. समोर माझे अप्पा बसलेत, म्हणून."

आणि तो माझ्याकडे बघत राहिला, अप्पांकडे नाही. सगळ्यांना कळेल इतका वेळ.

पुढचं व्याख्यान मी ऐकलं नाही. टाळ्या झाल्या, सिम्हाताईंना शाल दिली, कुणीतरी आभार मानले. मी कधी बाहेर आले ते आठवत नाही. पायऱ्यांजवळच्या कडुनिंबाखाली उभी होते. माणसं बाजूने जात होती. भागम्मांनी जाता जाता माझ्या दंडाला हात लावला आणि पुढे गेल्या.

मग ते दोघं आले. काठी टेकत राघोबा पुढे, धनराज अर्धं पाऊल मागे.

"अप्पा," धनराज म्हणाला, "हीच."

"हीच म्हंजी कोण?" राघोबा त्याच्याकडे न वळता म्हणाले. "घरात एक शब्द काढला न्हाईस. अन् माईक दिसला की तोंड उघडलं. तुझ्या आईला सांगायला बी माईक न्यावा लागतोय का?"

धनराज जमिनीकडे बघत राहिला. राघोबांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. रागाने नाही. बैलबाजारात माणूस गप्प राहून बघतो, तसं. मला ते आवडलं नाही आणि मी नजर खाली घेतली नाही.

"कुणाची गं तू?"

"तात्याराव गायकवाडांची. बिदरच्या. तिथल्याच कोळारच्या कारखान्यात होते ते."

"कोणते गायकवाड?"

आला. तोच प्रश्न.

"जयभीमवाले," मी म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

तो बंद झाला नाही, मोकळाही झाला नाही. ते पायरीवर बसले, काठी आडवी ठेवली. वर ढगांकडे पाहिलं. धनराज काही म्हणायला पुढे सरला तेव्हा त्यांनी हातानेच त्याला थांबवलं.

"तुझ्या बापाला ठावं हाय का हे?" त्यांनी मला विचारलं.

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"न्हाई," मी म्हणाले.

"कामून?"

"भीती वाटली."

"मंग तू बी तसलीच," राघोबा म्हणाले. "ह्याला माझ्याम्होरं बोल बोल म्हणायलीस, अन् तू सोता गप."

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. इतके आठवडे मी धनराजच्या धाडसाचं माप घेत होते. माझ्या स्वतःच्या "बरं"ला मी कुठल्याच तराजूत घातलं नव्हतं. पप्पांना काय वाटेल? आयुष्यभर ज्यांच्या दाराबाहेर उभं राहावं लागलं, त्यांच्याच घरात पोरगी जायचं म्हणते, असं वाटेल का? मी ते विचारायलाच भीत होते. आणि सगळी भीती धनराजच्या खात्यावर टाकून मोकळी होत होते.

मी फोन काढला. नंबर चुकला, पुन्हा लावला.

"पप्पा," मी म्हणाले, "उद्या प्रेमानंदला येऊ नका म्हणून सांगा." मग मी सगळं सांगितलं. नीट, क्रमाने, जसं मुलांना प्रयोग सांगते तसं, कारण दुसऱ्या कुठल्याही प्रकारे माझा आवाज टिकला नसता. मुलगा कोण, कुठला, कुठल्या समाजाचा.

पप्पा रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की त्याच्या घरी माहीत आहे का. मी म्हणाले, आत्ताच कळलं, त्याचे अप्पा इथे समोर बसलेत.

"दे त्यांच्याकडं," पप्पा म्हणाले.

मी फोन पुढे केला. राघोबांनी आधी फोनकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. तळवा धोतराला पुसला आणि फोन घेतला. जाणारी माणसं आता जात नव्हती. कुणी चपला शोधत होतं, कुणी पिशवी बांधत होतं, सगळे कान इकडे.

"हॅलो," राघोबा म्हणाले. "म्या राघोबा बिरादार."

पप्पा फोनवर नेहमी मोठ्याने बोलतात. त्यामुळे पलीकडचा शब्द आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"जयभीम."

राघोबा थांबले. आयुष्यात हा शब्द त्यांनी किती वेळा ऐकला असेल, आणि तोंडाने एकदाही म्हटला नसेल. त्यांनी भोवतालच्या माणसांकडे पाहिलं, मग मुलाकडे. धनराज श्वास रोखून उभा होता. मीही.

"जयभीम, तात्याराव," राघोबा म्हणाले. हळू म्हणाले, पण म्हणाले. आणि उठून, फोन कानाला लावून, झाडाच्या पलीकडे चालत गेले.

आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. पलीकडून तुटक शब्द येत होते. "न्हाई, अजून उभीच हाय तूर…" मग बराच वेळ काहीच नाही. मग, "पोरगं वाईट न्हाई ओ. भित्रं हाय."

"होकार समजू का?" धनराजने कुजबुजत विचारलं.

"नको समजूस."

"मग काय समजू?"

"ते बोलायलेत. एवढंच."

त्याने हात पुढे केला. या वेळी तो कोपराजवळ थांबला नाही. त्याची बोटं माझ्याइतकीच थंड होती. "मी आता घरी सांगितलंय," तो म्हणाला. "म्हणजे… तुला सांगायला मोकळा हाय."

"सांग मग."

"स्नेहल—"

झाडाआडून राघोबा परत आले. धनराजने हात सोडला, मी ओढणी पदरासारखी सावरली. राघोबांनी फोनवर तळवा ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"तुझे वडील इचारायलेत," ते मला म्हणाले, "उद्या जेवायला किती माणसं येणार म्हणून."

मी धनराजकडे वळले.

"दोघं," धनराज म्हणाला. "तुम्ही अन् मी."

"तिघं," राघोबा म्हणाले. "तुझ्या आईला घरात कोण सांगणार? तुझ्यानं व्हायचं न्हाई, माझ्यानं बी न्हाई. सकाळी तिला गाडीत बसवू, बिदर येईपत्तर वाटंत सांगू. चालत्या गाडीतून उतरून कुठं जाती ती?" मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "अन् ऐक पोरी. म्या व्हय म्हणालो न्हाई. जेवायला येतो म्हणालो."

त्यांनी तळवा काढला आणि फोन पुन्हा कानाला लावला. "तिघं, तात्याराव," ते म्हणाले, "लई काही करू नका," आणि पायऱ्या उतरू लागले. माझा फोन त्यांच्याकडेच होता.

धनराज त्यांच्या मागे निघाला, दोन पायऱ्या उतरून थांबला आणि वळला.

"माझं सांगायचं राहिलंच," तो म्हणाला.

"उद्या सांग," मी म्हणाले. "माझ्या घरी. सगळ्यांसमोर."

त्याचा चेहरा पांढरा पडला. मग तो हसला आणि मीही हसले. या वेळी मला वेळ लागला नाही.